रेडिओ-नियंत्रित विमानाच्या नाकात वजन घालणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे स्थिर पंखांच्या, एकच मोटर किंवा इंजिन असलेल्या, साधारण अर्धा किलो ते सहा किलो वजनाच्या मॉडेलसाठी आहेत. मापे मिलिमीटर आणि ग्रॅममध्ये दिली आहेत. गुरुत्वमध्याला मैदानावर सगळे ‘सीजी’ म्हणतात, त्यामुळे पुढे दोन्ही शब्द आढळतील.

बांधून पूर्ण झालेल्या विमानाच्या नाकात वजन घालावेच का लागते?

विमानाचे सगळे वजन ज्या एका बिंदूतून खाली ओढते असे मानता येते, तो त्याचा गुरुत्वमध्य. वाऱ्याच्या झोताने नाक वर उचलले गेले की पंख आणि आडवी शेपटी या दोघांवरची उचल वाढते, आणि ही वाढीव उचल जणू एकाच ठिकाणी लागू होते. त्या ठिकाणाला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. सीजी त्याच्या पुढे असेल तर वाढीव उचल शेपटीकडचा भाग वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येते. सीजी त्याच्या मागे गेला तर तीच उचल नाकाला आणखी वर ढकलते आणि वैमानिकाला क्षणोक्षणी विमान सावरत बसावे लागते. मॉडेल कितीही देखणे असले तरी सीजी मागे असल्यास ते उडवण्यालायक नसते.

घरी बांधलेली मॉडेल बहुधा शेपूटजडच निघतात, आणि त्याचे कारण अंतरात आहे. १४०० ग्रॅमच्या एका सर्वसाधारण मॉडेलमध्ये सीजीपासून शेपटी ७२० मिलिमीटर मागे असते, तर नाकात वजन ठेवण्याची जागा जेमतेम २४० मिलिमीटर पुढे असते. म्हणजे शेपटीत डिंक, रंग किंवा जाड बिजागरीच्या रूपाने गेलेल्या प्रत्येक १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम मोजावे लागतात. माझ्या मते नाकातील वजनाचा खरा निर्णय बांधणीच्या टेबलावर, शेपटीसाठी बाल्साची फळी निवडताना होतो. पुढे जे घडते ते त्या निवडीचे बिल असते.

सीजी नेमका कुठे असावा?

आराखड्यात किंवा किटच्या पुस्तिकेत दिलेला बिंदू हाच पहिला आधार मानावा. तेथे ६० ते ७० मिलिमीटर अशी मर्यादा दिलेली असेल, तर पहिल्या उड्डाणासाठी पुढची, म्हणजे ६० ची बाजू धरावी.

आराखडा नसेल तर पंखाच्या सरासरी वायुगतिकीय रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर, आणि सुरुवातीला २५ ते २८ टक्क्यांवर सीजी ठेवावा. आयताकृती पंखात ही रुंदी सगळीकडे सारखीच असते. निमुळत्या पंखात मात्र ती काढावी लागते. समजा, पंखाची मुळाशी रुंदी २४० आणि टोकाशी १६० आहे. दोन्हींची बेरीज ४०० येते. दोन्हींच्या गुणाकाराला, म्हणजे ३८,४०० ला, त्या बेरजेने भागले की ९६ मिळतात. ४०० मधून ९६ वजा केले की ३०४ उरतात आणि त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर. हीच सरासरी वायुगतिकीय रुंदी. तिचे २५ टक्के ५१ मिलिमीटर होतात आणि ३३ टक्के ६७ मिलिमीटर. पंख मागे झुकलेला असेल तर हे अंतर मुळाच्या पुढच्या कडेपासून मोजायचे नसते. पंखावर जेथे रुंदी २०३ भरते, तेथील पुढच्या कडेपासून ते मोजायचे असते. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो याच पायरीवर.

शेपटी नसलेल्या उडत्या पंखात न्यूट्रल पॉइंट पंखाच्या चतुर्थांश रुंदीच्या आसपासच असतो, म्हणून तेथे सीजी १५ ते २० टक्क्यांवर ठेवतात. अशा मॉडेलमध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरकही हाताला लगेच जाणवतो.

विमान तोलून कसे पाहावे?

विमान उड्डाणासाठी पूर्ण सज्ज असावे. प्रॉपेलर, स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी), बॅटरी, रिसीव्हर, कॉकपिटचे झाकण, वैमानिकाची बाहुली, चाके, स्टिकर हे सगळे जागेवर असायला हवे. बॅटरी ‘नंतर बसवू’ म्हणून बाजूला ठेवून केलेल्या तोलाला काही अर्थ नाही. पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सीजीच्या रेषेवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून खूण करावी, त्या खुणांवर बोटे ठेवून विमान अलगद उचलावे आणि ते कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे. उंच पंखाचे विमान सरळ धरून तोलावे, खालच्या पंखाचे उलटे धरून. लटकणारे वजन आधारबिंदूच्या खाली असले की तोल स्थिर दिसतो. ते वर असले की विमान कधी पुढे, कधी मागे कलंडते आणि खरे चित्र कळत नाही.

बोटांचा अंदाज दोन-तीन मिलिमीटरने सहज चुकतो. लाकडी पाटावर उभ्या केलेल्या दोन काठ्या आणि त्यांच्या टोकांना बसवलेले खोडरबर एवढ्यावर चांगला स्टँड तयार होतो. विमान आडवे राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले तर तोल पहिल्या उड्डाणाला योग्य समजावा.

इंधनावर चालणाऱ्या विमानात टाकी भरलेली असताना तोलावे की रिकामी असताना?

टाकी सीजीच्या पुढे असेल, आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती तशीच असते, तर रिकामी असताना तोलावे. ३०० मिलिलिटर इंधनाचे वजन जवळजवळ पाव किलो असते आणि उड्डाण संपताना ते नाकातून नाहीसे झालेले असते. भरलेल्या टाकीवर साधलेला तोल उतरण्याच्या वेळी, म्हणजे नेमक्या नाजूक क्षणी, मागे सरकलेला असतो. टाकी सीजीवरच असेल तर प्रश्नच उरत नाही. ती सीजीच्या मागे असेल तर मात्र भरलेल्या स्थितीतच तोलले पाहिजे.

मोठ्या विमानांनाही यातून सुटका नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील पी-५१ मस्टँगमध्ये वैमानिकाच्या पाठीमागे ८५ अमेरिकी गॅलनची जास्तीची टाकी बसवण्यात आली. ती भरलेली असताना विमानाचा सीजी इतका मागे जात असे की वैमानिक आधी तीच टाकी बऱ्यापैकी रिकामी करून घेत.

पोटात जाणाऱ्या चाकांचाही हिशेब धरावा का?

चाके मागच्या दिशेने दुमडत असतील तर जरूर धरावा. कर्टिस पी-४० आणि कोर्सेअर या विमानांचे पाय मागे वळून पंखात जातात. ३००० ग्रॅमच्या अशा मॉडेलमध्ये दोन पायांचे मिळून १८० ग्रॅम वजन ६० मिलिमीटर मागे गेले, तर सीजी ३.६ मिलिमीटर मागे सरकतो. म्हणून चाके आत घेतलेल्या स्थितीत तोलावे.

बोटांवर न पेलणाऱ्या मोठ्या विमानाचा सीजी कसा काढावा?

प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवावा आणि विमान उड्डाणात असते तसे आडवे करावे. शेपटीला चाक असलेल्या विमानात त्यासाठी मागचा काटा ठोकळ्यांवर चढवावा लागतो आणि त्या ठोकळ्यांचे वजन वजा करावे लागते. समजा, पुढच्या दोन चाकांवर मिळून ५६०० ग्रॅम आणि मागच्या चाकावर ४०० ग्रॅम भरले आणि पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर १०५० मिलिमीटर आहे. ४०० ला १०५० ने गुणून एकूण ६००० ने भागले की ७० मिळतात, म्हणजे सीजी पुढच्या आसाच्या ७० मिलिमीटर मागे आहे. तेथून ओळंबा सोडून पंखाच्या पुढच्या कडेशी त्याचा संबंध जोडता येतो. चार किलोच्या वरच्या विमानासाठी मी हीच पद्धत सुचवेन, कारण तेवढे वजन बोटांवर तोलताना हात थरथरतात आणि पंखाचे आवरणही दबते.

वजन घालण्यापूर्वी काय करून पाहावे?

आधीच विमानात असलेले वजन पुढे सरकवावे. बॅटरी हा सर्वांत मोठा सुटा ठोकळा असतो, म्हणून तिची जागा सर्वांत शेवटी ठरवावी आणि तिच्यासाठी बांधणीतच लांबट खाच ठेवावी. त्यानंतर रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) पुढे नेता येतात का ते पाहावे. शेपटीत बसवलेले सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) पंखाखाली आणून लांब दांडीने एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटीची हलती फळी, चालवता आला, तर एका सर्व्होच्या ९ ग्रॅमने नाकातले २०-२५ ग्रॅम वाचतात. शेपटीचे जड धातूचे चाक काढून हलके लावणे, भरीव दांडीऐवजी कार्बनची पोकळ नळी वापरणे, हेही कामाचे उपाय आहेत.

मोठी बॅटरी घालणे हा मात्र दुधारी सल्ला आहे. तीन सेलच्या २२०० एमएएचच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीऐवजी ३००० ची घातली की साठ-सत्तर ग्रॅम वाढतात आणि उड्डाणाचा वेळही वाढतो; शिशाने यातले काहीच मिळत नाही. परंतु बॅटरीची लांबी जास्त असल्यामुळे तिचा स्वतःचा मध्य मागे राहतो आणि वाढलेल्या वजनाचा निम्मा फायदा तेथेच जिरतो. शिवाय ती फायरवॉलला, म्हणजे मोटर ज्यावर बसते त्या नाकातल्या आडव्या फळीला, टेकवून घट्ट कोंबली तर हवा खेळत नाही, आणि विमान आपटल्यास पहिला मार बॅटरीच खाते. जागा मुबलक असेल तरच हा मार्ग धरावा.

नाकात किती वजन लागेल, हे आधी कसे काढावे?

हे गणित सी-सॉच्या फळीचे आहे. सीजी हव्या असलेल्या बिंदूच्या जितके मागे आहे त्या अंतराला विमानाच्या एकूण वजनाने गुणावे आणि वजन ठेवण्याची जागा हव्या असलेल्या बिंदूपासून जितकी पुढे आहे त्या अंतराने भागावे.

आपले १४०० ग्रॅमचे विमान १२ मिलिमीटर मागे तोलत आहे असे समजू. १४०० गुणिले १२ म्हणजे १६,८००. वजनाची जागा २४० मिलिमीटर पुढे आहे, म्हणून १६,८०० भागिले २४०, म्हणजे ७० ग्रॅम. आता आधी २१० ग्रॅमची बॅटरी ४० मिलिमीटर पुढे सरकवता आली, तर २१० गुणिले ४० म्हणजे ८,४०० चे काम फुकट झाले. उरलेल्या ८,४०० ला २४० ने भागल्यावर फक्त ३५ ग्रॅम लागतात. तेच वजन नाकाच्या टोकाऐवजी बॅटरीच्या खाचेत, म्हणजे १२० मिलिमीटरवर ठेवले तर ७० ग्रॅम लागले असते. म्हणून वजन घालायचेच ठरले की ते प्रॉपेलरच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे.

हिशेबाने आकडा निघाला तरी तो प्रत्यक्ष पडताळावा. तेवढ्या वजनाची छोटी पिशवी काउलवर (मोटरभोवतीच्या आवरणावर) नेमक्या जागी टेपने चिकटवून विमान पुन्हा तोलावे, आणि त्यानंतरच वजन कायमचे बसवावे.

पहिल्या महायुद्धातील विमानांच्या मॉडेलना एवढे वजन का लागते?

१९१७ साली आघाडीवर आलेल्या सॉपविथ कॅमलचे नाक आखूड होते, कारण त्यात बसवलेले क्लर्जेसारखे रोटरी इंजिन भलतेच जड होते. प्रॉपेलरसह ते इंजिन स्वतःच गरगर फिरत असे. इंजिन, मशीनगन, इंधन आणि वैमानिक हे सगळे धडाच्या पुढच्या टोकाशी दाटीवाटीने बसवलेले होते. फोकर डीआर-१ या तीन पंखी विमानाचीही रचना अशीच होती. मॉडेलमध्ये आपण नाकाची लांबी प्रमाणात ठेवतो, पण जड इंजिनाच्या जागी हलकी मोटर बसवतो. शेपटी मात्र खऱ्या विमानाच्या तुलनेत जडच राहते.

कॅमलच्या पंखांचा विस्तार ८.५ मीटर होता, म्हणजे एक-षष्ठांश मॉडेलचा विस्तार १.४ मीटर येतो. या आकाराच्या मॉडेलमध्ये दोनशे-तीनशे ग्रॅम शिसे लागणे नवलाचे नसते आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. येथे कल्पकतेला खूप वाव आहे. गोल काउलच्या आतल्या कडेने वाकवलेली शिशाची पट्टी, जड रेझिनमध्ये ओतलेले खोट्या इंजिनाचे सिलिंडर, मोटरमागची पितळी तबकडी यांतून तेच वजन दिसण्याच्याही उपयोगी पडते. मात्र आतून मोटरपर्यंत हवा पोहोचली पाहिजे, नाहीतर देखणे इंजिन खऱ्या मोटरचा श्वास कोंडते.

ग्लो इंजिनसाठी आखलेल्या जुन्या किटमध्ये विजेची मोटर बसवली तर वजन लागेल का?

बहुधा लागते, पण ते शिशाचे असण्याची गरज नाही. ४६ आकाराचे (०.४६ घनइंचाचे) ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉलयुक्त इंधनावर चालणारे छोटे इंजिन, सायलेन्सरसकट साडेचारशे ते पाचशे ग्रॅम भरते. त्या ताकदीची आउटरनर (बाहेरचे कवच फिरणारी) मोटर त्याच्या जवळपास निम्म्याने हलकी असते. टाकीची जागा मोकळी होते, तेथे बॅटरी बसते आणि फरक बराचसा भरून निघतो. अट एवढीच की फायरवॉलमागे बॅटरी आत-बाहेर करण्यासाठी झाकण कापलेले असावे. पंख काढल्याशिवाय बॅटरी बदलता येत नसेल, तर ती सोयीसाठी मागे सरकवण्याचा मोह होतो आणि मग सगळे गणित बिघडते.

वजन म्हणून कोणता पदार्थ उत्तम?

शिसे. ते स्वस्त आहे, हाताने वाकते आणि दाट आहे. ७० ग्रॅम शिसे सुमारे ६ घनसेंटिमीटर जागा घेते, पोलाद ९ आणि ॲल्युमिनियम २६. टंगस्टन केवळ साडेतीन घनसेंटिमीटरमध्ये बसते, पण ते महाग आहे आणि हॅकसॉने कापता येत नाही. अगदी सडपातळ नाकाच्या ग्लायडरखेरीज इतरत्र त्याची गरज पडत नाही.

शिसे मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात जाळ्याच्या आणि गळाच्या वजनांच्या रूपात मिळते. टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधण्यासाठी लावल्या जाणाऱ्या, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या चिकट पट्ट्या मिळतात; त्यांतल्या अनेक आता लोखंडाच्या असतात, पण आपल्या कामाला त्याही चालतात. विमानात दिशादर्शक चुंबकसूची असलेला ऑटोपायलट असेल तर लोखंड त्याच्यापासून दूर ठेवावे. मैदानावर तात्पुरत्या चाचणीसाठी नाणी सोयीची पडतात, कारण त्यांचे वजन ठरलेले असते; दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते.

जड स्पिनर किंवा प्रॉपेलरचा जड पितळी नट हा मला सर्वांत आवडणारा उपाय आहे, कारण त्यापुढे विमानात दुसरी जागाच नसते. तो भाग फिरता असल्यामुळे मात्र तो काटेकोर समतोल असावा लागतो.

शिसे हाताळताना काय काळजी घ्यावी?

शिसे विषारी आहे आणि ते शरीरात साठत जाते, विशेषतः लहान मुलांच्या. हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कानशीने घासून शिशाची भुकटी करू नये; कात्रीने किंवा पकडीने तुकडे करावेत. घरात, आणि त्यातही स्वयंपाकघरातील भांड्यात, शिसे वितळवू नये. बसवलेल्या शिशावर इपॉक्सीचा थर द्यावा किंवा ते उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करावे.

वजन पक्के कसे बसवावे?

प्रॉपेलरच्या कंपनांनी आणि दणकट उतरण्याने सुटणार नाही अशा रीतीने. दुहेरी चिकटपट्टी एकटी पुरेशी नाही. उन्हात तापलेल्या काउलमध्ये तिचा चिकटपणा मऊ होतो, आणि इंजिनाच्या विमानात तिच्यावर तेलही उडते. सुटलेला तुकडा फिरत्या मोटरमध्ये गेला तर मोटर जाते, आणि मागे घरंगळत शेपटीकडे गेला तर नाकातले वजन कमी होऊन शेपटीत तेवढेच वाढते, म्हणजे नुकसान दुहेरी होते.

प्लायवूडच्या फायरवॉलवर वजनाच्या तुकड्याला आरपार भोक पाडून स्क्रू आणि लॉकनटने बसवणे सर्वांत विश्वासाचे. भोक पाडायला जागा नसेल तर शिशाचा पृष्ठभाग खरवडून, पुसून, अर्ध्या तासात घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने चिकटवावे आणि वरून काचतंतूची पट्टी द्यावी. पाच मिनिटांचे इपॉक्सी ठिसूळ राहते, म्हणून ते तात्पुरत्या कामापुरते ठेवावे.

फोमच्या विमानात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. साधा सायनोॲक्रिलेट गोंद थर्मोकोल खातो, म्हणून फोमला चालणाराच गोंद घ्यावा. नाकाच्या पोकळीत छर्रे आणि इपॉक्सी यांचे मिश्रण ओतायचे असेल तर ते एकदम ओतू नये; घट्ट होताना इपॉक्सी तापते, आणि मोठा गोळा फोम वितळवण्याइतका तापू शकतो. पातळ थर द्यावा, तो थंड होऊ द्यावा, मग पुढचा द्यावा. धातूचे वजन ईएससीच्या किंवा बॅटरीच्या उघड्या जोडांजवळ येत असेल तर त्यावर विद्युतरोधक आवरण हवेच.

सगळे वजन एकदम कायमचे बसवू नये. हिशेबाने आलेल्या वजनापैकी तीन-चतुर्थांश पक्के करून उरलेले स्क्रूने काढता येईल असे ठेवले, तर पहिल्या काही उड्डाणांनंतर ते कमी करण्याची मुभा राहते.

वजन वाढल्यामुळे विमान नीट उडणार नाही, ही भीती कितपत खरी आहे?

फारच थोडी. १४०० ग्रॅमच्या विमानात ७० ग्रॅम म्हणजे ५ टक्के. पंखाचे क्षेत्रफळ २८ चौरस डेसिमीटर असेल तर पंखावरील भार प्रति चौरस डेसिमीटर ५० ग्रॅमवरून ५२.५ ग्रॅमवर जातो. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखाची उचल तुटून विमान पडते तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो जेमतेम अडीच टक्के वाढेल. ताशी ३० किलोमीटरला पडणारे विमान आता ३०.७ ला पडेल. हा फरक कोणाच्या हाताला कळत नाही. १२ मिलिमीटर मागे असलेला सीजी मात्र पहिल्या दहा सेकंदांत कळतो. ‘मृत वजन’ नको म्हणून निम्मेच शिसे घालणारे हौशी पुष्कळ भेटतात. वजन हलके ठेवण्याचा त्यांचा आग्रह बांधणीच्या वेळी योग्यच असतो, पण तोलाच्या वेळी तो चुकीच्या ठिकाणी लागतो.

नाकात वजन जास्त झाले तर काय होते?

विमान सुरक्षित राहते, पण आळशी होते. आडवे उडवण्यासाठी एलिव्हेटर सतत वर धरावा लागतो, थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी करताच नाक झपकन खाली जाते, आणि उतरताना नाक वर धरण्याइतका एलिव्हेटर उरत नसल्याने पुढचे चाक किंवा प्रॉपेलर आधी जमिनीला लागतो. गवताळ मैदानावर अशी विमाने सारखी नाकावर उभी राहतात. पहिल्या उड्डाणाला मी तरीही या बाजूची चूक पत्करेन.

विमान शेपूटजड आहे हे हवेत गेल्यावर लक्षात आले तर?

लक्षणे ओळखता येतात. एलिव्हेटरच्या किंचित हालचालीला विमान उसळते, सरळ सोडले तर हेलकावे घेते आणि ट्रिम, म्हणजे काडी सोडलेली असताना एलिव्हेटर जेथे थांबतो ती ठरवलेली जागा, खाली-खाली सारत न्यावे लागते. अशा वेळी वेग सोडू नये. थ्रॉटल एकदम बंद करणे ही सर्वांत महाग पडणारी प्रतिक्रिया आहे, कारण मंद वेगात शेपूटजड विमान नाक वर करून स्टॉल होते आणि गिरक्यांत शिरते; त्यातून ते बहुधा बाहेर येत नाही. ट्रान्समीटरवर एलिव्हेटरची कमी हालचाल देणारी कळ आधीच ठेवलेली असेल तर ती दाबावी, मोठे आणि सपाट वळण घ्यावे, आणि थोडी ताकद ठेवून नेहमीपेक्षा वेगाने, लांबून, उथळ कोनात उतरावे.

ट्रिम खाली देऊन किंवा जायरो बसवून हे भागवता येणार नाही का?

ट्रिमने विमान एका विशिष्ट वेगाला आडवे राहते, एवढेच. झोताने विचलित झाल्यावर पूर्वस्थितीला परतण्याचा गुण ट्रिममधून येत नाही.

जायरोमुळे, म्हणजे विमानाचे डोलणे ओळखून आपोआप सावरणाऱ्या उपकरणामुळे, शेपूटजड विमान वरकरणी शहाण्यासारखे वागते, आणि धोका त्यातच आहे. जायरो जे करतो ते एलिव्हेटर हलवूनच करतो. वेग कमी झाला की एलिव्हेटरचा जोर संपतो, सर्व्हो आपल्या मर्यादेला टेकतो आणि झाकलेला दोष उतरण्याच्या उंचीवर उघडा पडतो. नव्या विमानाचे चाचणी-उड्डाण जायरो बंद ठेवून करावे आणि तोल नीट बसल्यावरच तो सुरू करावा.

उड्डाणानंतर तोल बारकाईने कसा जुळवावा?

भरपूर उंचीवर, अर्ध्या थ्रॉटलला विमान हात सोडून आडवे उडेल असे ट्रिम करावे. नंतर थ्रॉटल कमी करून विमान नाक खाली करून सुमारे ३० ते ४५ अंशांच्या सुरात घालावे आणि एलिव्हेटरची काडी मध्यावर सोडावी. विमान झटक्याने नाक वर करत असेल तर नाक जड आहे. ते जड असल्यामुळे आपण ट्रिम वर दिलेला असतो, आणि वेग वाढताच तो जास्त परिणाम करतो. हळूहळू, मोठ्या कमानीत वर येत असेल तर तोल चांगला आहे. सूर आणखी तीव्र होत गेला तर ताबडतोब सावरावे आणि उतरून नाकात वजन घालावे. कसरतीच्या विमानात दुसरी कसोटीही उपयोगी पडते: ते उलटे केल्यावर आडवे ठेवण्यासाठी एलिव्हेटर किती ढकलावा लागतो हे पाहावे. फार ढकलावा लागत असेल तर वजन थोडे कमी करता येते. बदल एका वेळी दोन-तीन मिलिमीटरचाच असावा.

ग्लायडरवाले ज्याला बॅलास्ट म्हणतात ते हेच का?

नाही, आणि या दोहोंची गल्लत महागात पडते. नाकातले वजन सीजी पुढे आणण्यासाठी असते. जोरदार वाऱ्यात वेग मिळावा म्हणून उतारावरचे ग्लायडर जो बॅलास्ट घेतात तो नेमका सीजीवर, पंखाच्या मुळाशी बसवतात, म्हणजे वजन वाढते पण तोल हलत नाही. सीजी जुळवल्यावरच बॅलास्ट घालावा, आणि तो घातल्यावर तोल एकदा पुन्हा पाहावा. विद्यार्थ्यांच्या एअरोडिझाइन स्पर्धांतील भारवाहू विमानांनाही हेच लागू आहे: भार असताना आणि नसताना सीजी एकाच जागी राहावा, अशीच भाराची पेटी बसवावी.

डावा-उजवा तोलही पाहावा लागतो का?

होय. स्पिनर आणि शेपटी धरून विमान उचलावे. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाशी काही ग्रॅम पुरतात.

वजन घातल्याने नियमांच्या दृष्टीने काही फरक पडतो का?

लहान मॉडेलना पडू शकतो, कारण मोजले जाते ते उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन. भारताच्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये ‘नॅनो’ गटाची मर्यादा २५० ग्रॅमची आहे. अमेरिकेत छंदासाठी उडवायच्या २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मॉडेलला नोंदणी लागत नाही. २४० ग्रॅमच्या फोमच्या विमानात १२ ग्रॅम शिसे गेले की ते दोन्हीकडे मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी शेपटी हलकी करणे हाच उपाय उरतो.

तोल पुन्हा कधी तपासावा?

शेपटीची डागडुजी, नवा रंग किंवा आवरण, वेगळ्या वजनाची बॅटरी, बदललेली मोटर वा प्रॉपेलर यांपैकी काहीही झाले की लगेच. फोमच्या विमानाची शेपटी दोन-तीनदा गोंदाने सांधली की तिच्यात नकळत पाच-दहा ग्रॅम वाढलेले असतात, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. बॅटरीच्या खाचेत तिची नेमकी जागा मार्करने आखून ठेवावी, आणि पंखाच्या खालच्या बाजूला सीजीची खूण, तोललेले एकूण वजन व नाकातील वजन हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत; विमान दुसऱ्याच्या हाती गेले तरी त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.